गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा अर्ज

"बाई, मंत्री तुमीच हाय का?"

हा प्रश्न मला आयुष्यात एकदाच कुणी विचारला, आणि विचारणारी नऊ वर्षांची होती. माझ्याच खुर्चीत बसून ती चहात बिस्कीट बुडवत होती. खुर्ची मीच तिला दिली होती, कारण रिक्षातून उतरून आमच्या दारापर्यंत येईतो ती वाटेत तीनदा उकिडवी बसली होती. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे निळे. ऑगस्ट महिना होता, जांभळांचा मोसम कधीच सरला होता.

"नाही गं," मी हसून म्हटलं. "मंत्री आत आहेत. मी त्यांची सेक्रेटरी."

"मंग तुमाले बी लाल दिव्याची गाडी हाय?"

"मला सायकल आहे."

ती खुदकन हसली, आणि हसल्यामुळे तिला धाप लागली. तिचा बाप दाराबाहेर चपला काढून उभा होता. हातातली कापडी पिशवी त्यानं छातीशी धरली होती. हिला हसवू नका, एवढंच तो डोळ्यांनी मला सांगत होता.

बावीस वर्षं झाली. मी आता वर्ध्याला कायदा शिकवते, आणि मुलं मला विचारतात, मॅडम, तुम्ही राजकारणात होतात ना, मग सोडलंत का? मी म्हणते, जमलं नाही. हे उत्तर खोटं आहे. मला ते फार छान जमत होतं.

आमच्या पक्षाचं नाव सांगत नाही. तो आता उरलेला नाही, आणि जे त्यात होते ते आज तीन वेगवेगळ्या झेंड्यांखाली सुखात आहेत. त्या वेळी विधानसभेत आमचे चौदा आमदार होते. चौदा आमदारांच्या जिवावर सरकार पडत नाही, विरोधी पक्षनेतेपदही मिळत नाही. म्हणून आमचे नेते भाऊसाहेब दळवे यांनी एक शक्कल काढली, प्रतिछाया मंत्रिमंडळाची. सरकारच्या प्रत्येक मंत्र्यामागे आपला एक माणूस नेमायचा. त्यानं त्या खात्याचा अभ्यास करायचा, चुका काढायच्या, आणि उद्या आपण आलो तर काय करू ते लोकांना सांगायचं. विलायतेत असंच असतं म्हणे. तिथं नेमकं कसं असतं ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. खाती वाटताना एकेकाच्या पदरात तीन-तीन पडली, आणि पशुसंवर्धनावरून दोन आमदार आठवडाभर रुसून बसले, कारण ते दोघांनाही नको होतं.

आरोग्य खातं आलं गुरुजींकडे. वामनराव चुनारकर, आश्रमशाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, गडचिरोलीकडून दोनदा निवडून आलेले. खादीचा सदरा, पायात रबरी चपला आणि काखेत अर्जांची पिशवी. मुंबईला मंत्रालयात गेले की सकाळी नऊलाच मंत्र्यांच्या दाराशी उभे राहायचे. पक्ष कुठलाही असो, मंत्री कुणीही असो. मंत्र्यांचे शिपाईच आधी विचारायचे, "गुरुजी, चहा घेता?" आणि दुपारी गुरुजी पिशवी रिकामी करून खाली उतरायचे. आमच्या पक्षात त्यांची चेष्टा व्हायची. हा आमदार आहे की पोस्टमन, असं भाऊसाहेबच म्हणायचे. म्हणून त्यांना मंत्री केल्यावर सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. नागपूरला धंतोलीत पक्षाच्या कचेरीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या, लेटरहेड छापलं, दाराला पाटी लागली, आणि मी, सव्वीस वर्षांची वसुधा ठोंबरे, एलएल.बी., त्यांची सचिव झाले.

भाऊसाहेबांनी पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, प्रत्येक प्रतिछाया मंत्र्यानं कचेरी थाटून लोकांचे अर्ज घ्यायचे, शिक्का मारायचा, नोंद ठेवायची आणि ते साठवायचे. हिवाळी अधिवेशनात ते सगळे गठ्ठे एकदम सभागृहात आणून दाखवायचे, म्हणजे सरकार काय करत नाही ते जगाला दिसेल. आणि दुसरी, कुठल्याही प्रतिछाया मंत्र्यानं आपल्या खात्याच्या मंत्र्याच्या दारात पाऊल ठेवायचं नाही.

"ज्याच्यापुढं हात पसरायचे, त्याच्यावर बोट कसं रोखणार?" असं ते म्हणाले तेव्हा सगळ्यांनी बाकं वाजवली. मीही वाजवलं.

तर ती मुलगी बिस्कीट खात होती, आणि गुरुजी आतून बाहेर आले.

"कोण? देवाजी? बोरीटोल्याचा देवाजी मडावी? पाढे म्हणताना तेराला अडायचास तो?"

"हो जी गुरुजी," बापाचा चेहरा उजळला. "आता बी तेथंच अडतो."

"आणि ही?"

"पोरगी जी. सुगंधा. हिच्या छातीत छेद हाय म्हणते डॉक्टर. ऑपरेशन करा लागते." त्यानं पिशवीतून कागद काढले. "गुरुजी, तुमी मंत्री झाले ऐकलं तं गावात गूळ वाटला आमी. म्हटलं, आता कोणाच्या पाया पडाचं काम नाई. आपलाच माणूस हाय."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "तसं मंत्री म्हणजे देवाजी, हे जरा..." ते म्हणाले, आणि थांबले. देवाजी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मोडणं अवघड होतं. शिक्षकाला अशी नजर वर्षातून एखाद्या वेळी मिळते, आमदाराला तर कधीच नाही. वाक्य तसंच राहिलं. मला ते पुरं करता आलं असतं, पण मी नोंदवही उघडली.

कागद स्पष्ट होते. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की ऑपरेशन दिवाळीच्या आत व्हायला हवं, आणि त्याच्या सरकारी मदतीसाठी आरोग्य विभागाची मंजुरी हवी. ती आणा, बाकीचं आम्ही बघतो, असं त्यांनी देवाजीला तोंडीही सांगितलं होतं. मी सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, देवाजीची वेडीवाकडी सही घेतली, शिक्का मारला आणि पोच दिली. क्रमांक सदतीस.

"आता दुसरीकडं कोठं जा लागते का जी?" देवाजीनं विचारलं.

"कुठंही नाही," मी म्हटलं. "अर्ज पोचला. घरी जा, हिची काळजी घ्या. पत्र येईल."

हे वाक्य माझं आहे. गुरुजींचं नाही, भाऊसाहेबांचं नाही. जाताना सुगंधानं मला हात हलवून दाखवला, आणि देवाजीचा जीव भांड्यात पडल्याचं त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं. पोरीला त्यानं खांद्यावर घेतलं होतं.

पुढच्या सोमवारच्या बैठकीत मी विषय काढला. सदतीस नंबरचा अर्ज तातडीचा आहे, एवढा एक तरी विभागाकडे पाठवू या.

"वसुधाताई," भाऊसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "एक पाठवला की दुसरा पाठवावा लागतो. मग उरतं काय? आणि आपण पाठवला, त्यांनी मंजूर केला, तर फोटो कुणाचा छापून येणार? मंत्र्याचा. आपण त्यांची टपाल कचेरी नाही. डिसेंबरात हा अर्ज सभागृहात आला ना, तर एका मुलीचं नाही, हजार मुलींचं काम होईल."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. बाहेर आल्यावर हलक्या आवाजात म्हणाले, "मी बघतो काहीतरी."

आता कुणी म्हणेल, बाई, तुला पोस्टाचं तिकीट लावता येत नव्हतं का? येत होतं. पण मला त्या गठ्ठ्याचं वेड लागलं होतं. सप्टेंबरअखेर आमच्याकडे दोनशे अर्ज जमले होते, आणि ते सभागृहात आणले की आरोग्यमंत्र्याला पळता भुई थोडी होईल याची मला खात्री होती. मी त्यांची विषयवार मांडणी केली. साप चावलेले, बाळंतिणी, औषधाविना राहिलेले. आणि सगळ्यांत वर ठेवला सुगंधाचा अर्ज, कारण तो वाचताना सगळ्यांत जास्त गलबलून येत होतं. हे मी जाणूनबुजून केलं, आणि आपल्याला हे सुचलं याचं मला कौतुकही वाटलं.

देवाजीची पोस्टकार्डं यायची. कुणाकडून तरी लिहवून घेतलेली. "सेक्रेटरीबाईंना नमस्कार. पोरगी बरी आहे. अर्जाचं काय झालं?" मी लेटरहेडवर उत्तर टाइप करायची, "आपला अर्ज विचाराधीन आहे." तिसऱ्या कार्डात 'पोरगी बरी आहे' हे वाक्य नव्हतं. ते कार्ड मी गुरुजींच्या टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "गुरुजी, आरोग्यमंत्री परवा नागपुरात येताहेत. तुम्ही एकदा जाऊन याच."

गुरुजींनी कार्ड दोनदा वाचलं. "हो," म्हणाले. "जाऊच. भाऊसाहेबांना कशाला सांगायचं?"

ऑक्टोबरातली दुपार होती. आम्ही रिक्षानं सरकारी विश्रामगृहावर गेलो. गुरुजींनी कितीतरी दिवसांनी ती जुनी पिशवी काढली होती, आणि तिच्यात एकच कागद होता. रिक्षात ते खुशीत होते. "बघ, मंत्र्याचा शिपाई मला ओळखतो. दहा मिनिटांत सही घेऊन बाहेर येतो." फाटकापाशी उतरलो. आत जाणाऱ्यांची रांग नव्हती, कुणी अडवत नव्हतं. फाटकाच्या सावलीत मात्र तीन-चार बातमीदार उभे होते. त्यांतला एक ओळखीचा.

"अरे वा! प्रतिछाया आरोग्यमंत्री!" तो ओरडला. "इकडं कुठं, गुरुजी? खऱ्या मंत्र्यांच्या भेटीला?"

बाकीचे हसले. एकानं कॅमेरा काढला.

गुरुजींचा पाय फाटकाच्या आत होता. मी शेजारीच होते, म्हणून मला नक्की माहीत आहे. त्यांनी तो पाय मागे घेतला. "छे छे," ते म्हणाले, "इथून चाललो होतो सहज. काय, कसं काय चाललंय?" मग पाच मिनिटं ते बातमीदारांशी डेंग्यूवर बोलले. फार मुद्देसूद बोलले. पिशवी त्यांनी पाठीमागे धरली होती.

मी आत जाऊ शकले असते. मला कुणी ओळखत नव्हतं. पण गुरुजी गेले नाहीत तर मी कशी जाणार, असं काहीतरी मनाशी म्हणून मी दुसऱ्या रिक्षाला हात केला. परतताना गुरुजी एकदाच बोलले. "अधिवेशन आता दीड महिन्यावर आलं," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, दीड महिना काय, बघता बघता जाईल.

डिसेंबरात अधिवेशन सुरू झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमदार निवासातल्या गुरुजींच्या खोलीत आम्ही गठ्ठ्याला लाल फीत बांधत होतो. दोनशे बारा अर्ज. त्या दिवशी गुरुजींची लक्षवेधी होती, म्हणजे सदस्यानं एखाद्या गोष्टीकडे लक्ष वेधायचं आणि मंत्र्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं. भाऊसाहेब स्वतः भाषण तपासायला आले होते. तेवढ्यात दार वाजलं, आणि दारात चपला काढून देवाजी उभा राहिला. एकटाच होता.

मला त्याच क्षणी कळलं. तरी मी विचारलं, "सुगंधा कशी आहे?"

"भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेली जी," तो म्हणाला. "सकाळी उठली, पाणी मागतलं. मी पाणी घेऊन आलो तं..." पुढचं त्यानं हातानं सांगितलं.

मी हातातलं फितीचं टोक खाली ठेवलं. गुरुजी खाटेवर बसले ते बसलेच. देवाजीलाच संकोच वाटला. आपल्यामुळे थोरामोठ्यांचं काम थांबलं असं त्याला वाटलं असावं.

"मी रडाले नाई आलो जी गुरुजी. एक काम होतं म्हणून आलो," तो म्हणाला. "आमचा नंबर होता ना, सदतीस. तो आता काय कामाचा? पोरगी दवाखान्यात होती तवा बाजूच्या खाटेवर एक लेकरू होतं, त्यालेबी हेच होतं. तं म्हटलं, आमचं नाव काढून टाका, आन् नंबर त्याले द्या. मांग राह्यलेल्याचं काम लवकर होईन."

यासाठी तो बोरीटोल्याहून दोन बस बदलून आला होता. मला रडू फुटलं, आणि मी खिडकीकडे तोंड केलं.

भाऊसाहेब मात्र उठले. त्यांनी देवाजीच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांचेही डोळे भरले होते. पण ते डोळे पुसतानाच त्यांचं ठरलं होतं.

"देवाजीभाऊ, तुमच्या लेकीला आज न्याय मिळेल. वसुधाताई, यांचा गॅलरीचा पास काढा, तुम्ही सोबत बसा. गुरुजी, ते डेंग्यूचं राहू द्या. नुसता हा एक अर्ज वाचा. तीन महिने अर्ज पडून होता आणि सरकार झोपलं होतं. बस्स, एवढंच बोला."

"अर्ज पडून होता," गुरुजी म्हणाले.

"तेच. असंच म्हणा. याच आवाजात."

प्रेक्षक गॅलरीत आम्ही पुढच्या रांगेत बसलो. देवाजीनं हात जोडून सभागृहाला नमस्कार केला, देवळात करतात तसा. खाली गुरुजी दुसऱ्या बाकाच्या टोकाला होते, समोर लाल फितीचा गठ्ठा. त्यांची पाळी आली. ते उभे राहिले आणि भाषणाचा कागद त्यांनी उघडलाच नाही.

"अध्यक्ष महोदय. सुगंधा देवाजी मडावी. वय वर्षं नऊ. हृदयाला छिद्र. दिवाळीच्या आत ऑपरेशन व्हायचं होतं. तिच्या वडिलांनी ऑगस्टात अर्ज दिला. मंजुरी आली नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती गेली."

आमच्या बाकांवरून 'शेम, शेम' सुरू झालं. भाऊसाहेबांनी आधी सांगून ठेवलंच होतं. वर माझ्या शेजारी देवाजी लेकीचं नाव एवढ्या मोठ्या जागी ऐकून ताठ बसला होता.

आरोग्यमंत्री उठले. पन्नाशीचे, निळं जाकीट घातलेले. मी चार महिने ज्यांना पळता भुई थोडी करायला निघाले होते ते हेच. "अध्यक्ष महोदय, मन सुन्न झालं," ते म्हणाले. "मी अशा अर्जांची यादी रोज स्वतः पाहतो. हे नाव मी पाहिलेलं नाही. सन्माननीय सदस्यांनी आवक क्रमांक द्यावा, मी आत्ता फाईल मागवतो. माझ्या माणसांची चूक असेल तर इथंच कबूल करतो."

आमच्या बाकांवरचा आवाज वाढला. भाऊसाहेब वळून गुरुजींना खुणा करत होते, क्रमांक सांगा, सांगून टाका. सदतीस म्हटलं की झालं, पुढं गोंधळ घालू, कामकाज तहकूब होईल, संध्याकाळच्या बातम्यांत हेच असेल. गुरुजींनी गठ्ठ्याची फीत सोडली. सगळ्यांत वरचा कागद हातात घेतला, आणि शाळेत वर्ग शांत होईपर्यंत मास्तर उभे राहतात तसे उभे राहिले.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "मंत्रिमहोदय खरं सांगताहेत. अर्ज त्यांच्याकडे आलाच नाही. तो माझ्याकडे होता."

भाऊसाहेब खुणा थांबवून समोर वळून बसले.

मंत्री खाली बसायला हवे होते, त्यांची सुटका झाली होती. ते उभेच राहिले. "गुरुजी," ते माइकमध्ये म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होते, "गेल्या वर्षापर्यंत तुम्ही आठवड्याला दोन-दोन अर्ज घेऊन यायचात. मी कधी परत पाठवलं का?"

"नाही."

"मग या वर्षी एकदाही का आला नाहीत?"

गुरुजींनी तोंड उघडलं. मला वाटलं ते आता मंत्रिमंडळाचं सांगतील, नियमाचं सांगतील, फाटकाचं सांगतील. ते हातातल्या कागदाकडे पाहत उभे राहिले, आणि शेवटी अध्यक्षांनीच खालच्या आवाजात पुकारलं, "पुढची लक्षवेधी."

त्यानंतरचं वर्तमानपत्रांत आलंच. भाऊसाहेबांनी त्याच दिवशी गुरुजींची तिन्ही खाती काढून घेतली. गुरुजींनी उरलेले दोनशे अकरा अर्ज त्याच पिशवीत भरले आणि अधिवेशन संपेपर्यंत रोज सकाळी नऊला ते आरोग्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर बाकावर बसले. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहिले नाहीत. पक्षातल्या लोकांनी मला अनेकदा विचारलं की म्हाताऱ्याला ऐन वेळी काय झालं. मी राजीनामा दिला होता, त्यामुळे उत्तर द्यायची गरज उरली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीचं, गॅलरीतलं. खाली पुढची लक्षवेधी सुरू झाली होती, कुठल्याशा धरणाची. देवाजी माझ्या कानाशी वाकला.

"बाई, गुरुजी असं कायले बोलले जी? अर्ज तर मंत्र्यापाशीच होता ना. मी सोताच्या हातानं देल्ला."

तो गुरुजींची बाजू घेत होता. गुरुजी कुणाला तरी वाचवायला स्वतःवर घेताहेत, असं त्याला वाटत होतं.

"देवाजीभाऊ," मी म्हटलं, "गुरुजी मंत्री नाहीत."

"आता काढलं का जी? ह्या गोष्टीपायी?"

"नाही. कधीच नव्हते. ते आमचं आमच्यात ठरलेलं होतं. मंत्री ते आहेत, निळ्या जाकिटातले. अर्ज त्यांना द्यायचा होता. आम्ही दिला नाही."

एवढं बोलून मी थांबले. तो ओरडेल, उठेल, मला मारेल, काहीही करेल, आणि त्यानं करावंच, असं मला मनापासून वाटत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कठड्यावर हात ठेवून तो खाली पाहत राहिला. आधी निळ्या जाकिटाकडे. मग बाकाच्या टोकाला मान खाली घालून बसलेल्या गुरुजींकडे. मग पुन्हा निळ्या जाकिटाकडे. मधल्या मोकळ्या जागेवरून त्याची नजर अशी दोनदा जाऊन आली. ती जागा फार नव्हती, पंधरा पावलं असेल.

"रोज हे दोघं इथंच बसते?" त्यानं विचारलं.

"अधिवेशन असेल तेव्हा, हो."

"असेच? समोरासमोर?"

"हो."

मग अगदी हळू आवाजात, कुणाच्या दुखण्याची चौकशी करावी तसं, त्यानं मला विचारलं,

"गुरुजीले चालता नाई येत का जी?"

मागून सुरक्षारक्षकानं ओठांवर बोट ठेवून आम्हाला दटावलं. गॅलरीत बोलायला मनाई होती, आणि मला तेवढंच निमित्त हवं होतं.